उलट बाजूची उशी

चोपड्याकडच्या आमच्या गावात उन्हाळा लागला की सगळं घर धाब्यावर झोपायला जायचं. मातीचं सपाट छप्पर, त्यावर ओळीनं बाजा टाकलेल्या, आणि उशा सगळ्यांच्या उगवतीकडे. सुट्टीत आत्या, मावश्या आणि त्यांची पोरं यायची तेव्हा माझी आई जागा वाटून द्यायची. तिचा नियम असा होता की जोवर एक जरी बाज रिकामी आहे, तोवर कुणाच्या बाजेवर दुसऱ्याला घालायचं नाही. आधी प्रत्येक बाजेवर एकेक जण. बाजा संपल्या की मगच जोडीला दुसरा, आणि त्या दुसऱ्यानं उशी उलट बाजूला, मावळतीकडे घ्यायची. दोघांची डोकी एकीकडे आली तर लाथाळी होते, असं ती म्हणायची. मला उलट बाजूला झोपायला अजिबात आवडायचं नाही. जागेपणी सगळ्यांचे पायच दिसायचे, आणि एकदा का ती उशी पदरी आली की सकाळपर्यंत सुटका नसे.

पुढे कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं, आणि अणूतले इलेक्ट्रॉन कुठे कसे बसतात ते सरांनी फळ्यावर चौकोन काढून दाखवलं. सारख्या उंचीचे चौकोन असतील तर आधी प्रत्येकात एकेक, सगळ्यांचे बाण एकाच दिशेला. चौकोन संपले की मग दुसरा, आणि त्याचा बाण उलटा. एका चौकोनात दोघं राहू शकतात, पण अगदी सारखे राहू शकत नाहीत. बाकीची मुलं घोकत बसली होती आणि मला हसू येत होतं, कारण हे आमच्या धाब्यावरचंच होतं. त्या एका हसण्यापायी मी पुढे धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले, असं म्हटलं तरी चालेल.

शिकवण्याच्या नादात लग्नाचं वय उलटून गेलं. निदान आमच्या समाजात तसंच म्हणत. तोंडाळ मुलगी, त्यात नोकरी, त्यात चष्मा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी धुळ्याजवळच्या एका गावातलं स्थळ आलं. बिजवर होते. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. आई म्हणाली, दगडापेक्षा वीट मऊ. मी माणूस बघितला. शांत होते, तालुक्याच्या ठिकाणी नोकरीला होते, माझी नोकरी चालू राहावी असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी हो म्हणाले.

दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीची पुतळी गळ्यात घालायची, ही रीत मला ठाऊक होती. चांदीच्या पत्र्याची छोटी बाई करतात, आत लाख भरतात, आणि मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात ओवतात. म्हणजे पहिलीला वाटतं की आपल्याला विसरले नाहीत, आणि ती दुसरीला छळत नाही. लग्नात ती माझ्या गळ्यात घातली तेव्हा मी मनात म्हटलं, ठीक आहे, ऐकावं जनाचं. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब होती, पातळ, आणि पायाशी लाखेनं बंद केलेली. नाक-डोळे सोनारानं नुसते टोचून काढलेले होते. मला ती अंगाला गार लागायची, वैशाखातसुद्धा.

घर धाब्याचंच होतं, आमच्यासारखं. माणसं तीनच: सासूबाई, हे आणि मी. हे बहुतेक ओसरीवर झोपत. आतल्या खोलीत एक बाज होती आणि तिच्यावर उगवतीकडे एक उशी आधीच ठेवलेली होती, धुतलेल्या अभ्र्याची. मी तिच्यावर डोकं टेकायला गेले तर सासूबाई दारातून म्हणाल्या, "ती नको. तिनं डोकं उगवतीले राहे. तू मावळतीले ठेव."

मग कळत गेलं की हे नुसतं उशीपुरतं नाही. पहिली पाण्याची घागर उजव्या कडेवर घ्यायची, म्हणून मी डाव्या. ती तुळशीला सकाळी पाणी घालायची, म्हणून मी दुपारी कॉलेजातून आल्यावर. ती चुलीपाशी भिंतीकडे पाठ करून बसायची, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून. मी चिडले. तोंडाचा पट्टा सुरू झाला की मला आवरत नाही. म्हटलं, "आत्याबाई, मी या घरात नांदायला आले की कुणाचं उलटं करायला?"

त्या रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "दोन्हीजनी एकसारख्या राहिन्यात तर तिले वाटी, आपली जागा गई."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर चौकोन काढला, एक बाण वर, एक खाली, आणि बोलता बोलता थांबले. एका जागेत दोघी, म्हणून दुसरी उलटी. आत्तापर्यंत मी हे दोघांबद्दल सांगत होते, आणि आता त्यातली एक मी होते. मुलांनी वर पाहिलं. मी डस्टर उचललं आणि उगीचच फळा पुसला.

भीती तेव्हापासून बसली. मी शास्त्र शिकवणारी बाई, मला भूतखेत मान्य नव्हतं, आणि आजही नाही. पण खानदेशातल्या त्या दुपारी ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. बाराच्या ठोक्याला गल्लीत कुत्रंही नसतं. पानसुद्धा हलत नाही. अशा वेळी मी आतल्या खोलीत मावळतीकडे डोकं करून पडले की माझ्या पायांशी बाजेची सुतळी किंचित ताणलेली वाटायची. कुणी बसलं की ताणते तशी. मी पाय आखडून घ्यायची. वर पाहायचं धाडस मात्र होत नसे.

आणखी एक गोष्ट खटकत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या, आणि चुलीत आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकताना गेलेल्या प्रत्येकाची आठवण काढतात. सासूबाईंनी सासऱ्यांची आठवण काढली, आपल्या दिराची काढली, लहानपणी गेलेल्या आपल्या नणंदेची काढली. पहिलीची काढली नाही. जिच्यासाठी मी घागर डाव्या कडेवर घेत होते, तिला त्या दिवशी घोटभर पाणी नाही! मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "ती कोठे गयी, तिले पानी देवाले?" आणि चुलीकडे वळल्या. तेव्हा मला ते नुसतं चमत्कारिक वाटलं.

लग्नाला वर्ष होत आलं आणि मला दिवस गेले. सासूबाईंचा चेहरा त्या दिवसापासून जो उतरला तो उतरलाच. माझ्या आईला आनंद झाला, ह्यांना झाला, आणि ही बाई मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायच्या आधी पुतळी चाचपून बघायला लावायची. आंघोळीलाही काढायची नाही. "बाळंतीन होस तवलोंग ती गळामां राहू दे," एवढंच सांगायच्या. मला सातवा लागला तेव्हा पुढची आखाजी आली होती. कॉलेजला सुट्टी लागली होती आणि मी दिवसभर घरात होते.

एका दुपारी त्यांनी पेटीतून एक गोधडी काढली. लहान, बाळाची. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडलेले, अर्ध्यापर्यंत लाल दोऱ्याचे बारीक टाके, आणि पुढे नुसतं कोरं. टाके एका ओळीच्या मधेच थांबलेले होते. कुणाचे ते विचारायची गरज नव्हती. सासूबाईंनी ती उलटी फिरवली आणि कोऱ्या टोकाकडून स्वतः शिवायला घेतली. रोज थोडी थोडी शिवायच्या. एक दिवस उठताना त्यांच्या हातातली सुई पडली आणि गोधडीत कुठेतरी शिरली. खूप चाचपली, सापडली नाही. बाळाच्या अंगाखाली जायची वस्तू, त्यात सुई. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे उपाय आहे. लोहकीस आणि गंधक वेगळं करून दाखवायला मी कॉलेजातून नालाच्या आकाराचं चुंबक आणलं होतं, तसंच पिशवीत राहिलं होतं.

गोधडी बाजेवर पसरली. मी वाकून तिच्यावरून चुंबक फिरवायला लागले. सासूबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. बाहेर तीच ती मेलेली दुपार. कोऱ्या बाजूकडून मी टाक्यांच्या बाजूकडे आले, जिथे ओळ मधेच थांबली होती तिथे, आणि माझ्या गळ्यातून काहीतरी पुढे सरकलं. दोरा मानेला काचला. पुतळी हवेत तिरपी झाली, क्षणभर तशीच राहिली, आणि टक् करून चुंबकाला जाऊन चिकटली.

सासूबाई ओरडल्या, "सोडी दे ते! आधी सोडी दे!"

चांदीला चुंबक ओढत नाही. मी पोरांना दर वर्षी शिकवत होते. चांदीच्या आतले चौकोन जोडीजोडीनं भरलेले असतात, एकाचा बाण वर तर दुसऱ्याचा खाली, एकमेकांचं मिटवून टाकतात. बाहेर एखादा सुटा असतो, पण धातूत तो सगळ्यांचा होऊन जातो. लोखंडाचं तसं नाही. तिथे चौकोन पाच आणि इलेक्ट्रॉन सहा. पाच जण पाच चौकोनांत एकेकटे बसतात, सहावा आला की एकाची जोडी लागते, आणि चौघं एकटे राहतात. त्या एकट्यांनाच ओढ लागते. म्हणजे ह्या चांदीच्या बाईच्या पोटात लोखंड होतं.

मी पुतळी चुंबकापासून सोडवली. म्हटलं, "आत्याबाई, आत काय आहे?"

त्या उंबऱ्यावरून उठून माझ्याजवळ आल्या. मग म्हणाल्या, "सुई शे. मीच टाकी, मना हातघाई."

बाळंतपणात गेलेली बाई जात नाही, ती मूल शोधत परत येते, ही समजूत तिकडे घरोघर होती. कुणी स्मशानाच्या वाटेवर राळ्याचे बारीक दाणे टाकतात, ते वेचता वेचता तिनं अडकून राहावं म्हणून. कुणी उंबऱ्यात खिळा ठोकतात. सासूबाईंनी दोन्ही केलं होतं आणि तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून सोनाराला पुतळी करायला सांगितली तेव्हा लाख भरताना स्वतः समोर बसल्या आणि तिचीच सुई, जिनं ती गोधडी शिवत होती तीच, आत घातली. लोखंडानं तिला जागच्या जागी खिळवून ठेवलं. आणि ती मी गळ्यात घालून दीड वर्ष हिंडत होते, वर्गात शिकवत होते, बाजेवर झोपत होते.

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. "आत्ताच्या आत्ता काढणार मी ही," मी म्हणाले.

"काढू नको, माय." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तिले पोर पाहिजे व्हतं. तू सोडशी तर ती तुनं पोर लई जाई. तुलेबी लई जाई."

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. पोटात मूल असलेल्या बाईला शास्त्र पुरत नाही. त्या दिवशी मी काहीच केलं नाही. पुतळी गळ्यातच राहिली, फक्त आता ती मला जड वाटायला लागली. पुढचे काही दिवस दुपारी बाजेवर पडले की माझ्या पायांशी कुणी तरी आहे ह्याची भीती वाटायची, ती हळूहळू बदलली. पहिली कशी पडली असेल हे डोळ्यांपुढे यायला लागलं. त्याच बाजेवर, उगवतीकडे डोकं करून, सातव्या महिन्यात माझ्यासारखीच पाठ दुखत असलेली, हातात लाल दोरा. आणि मेल्यावर तिच्या स्वतःच्या सुईनं तिला टोचून ठेवलं. मला तिची भीती वाटायची थांबली असं नाही. पण तिची दया त्याहून जास्त यायला लागली.

एकदा चहा पिताना मी सासूबाईंना विचारलं, "ती कशी होती हो?"

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, ती हसायची फार, भाकरी करताना गाणं म्हणायची, माझे पाय चेपून द्यायची, मला मुलगी नव्हती ती हीच. आणि मग बाई एकदम रडायला लागल्या. "सुई टाकी तवपाईन ती मना सपनमां बी उनी नही. एकदाबी नही."

मी उठले आणि चुलीवर पाणी ठेवलं. त्यांनी ओळखलं मी काय करणार ते. अडवलं नाही. उंबऱ्यावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसल्या.

दोरा कापून पुतळी काढली. मान एकदम हलकी झाली आणि त्या हलकेपणाचीच मला धास्ती वाटली. पाणी उकळत आलं तशी चिमट्यानं ती आत धरली. लाख मऊ व्हायला वेळ लागत नाही. एक कडवट वास सुटला. पायाशी बंद केलेली जागा फुगली, तपकिरी थेंब लोंबायला लागला. मी तिला ताटलीत आडवी ठेवली आणि पायांजवळ चुंबक आणलं. आधी काही झालं नाही. मग लाखेतून काहीतरी चमकलं आणि हळूहळू, कुणी आतून ढकलावं तसं, सुई बाहेर आली. नाकाकडून. गंज नव्हता. नाकात लाल दोऱ्याचं टोक होतं, लाखेनं भिजलेलं.

त्याच क्षणी आतल्या खोलीत बाज करकरली. बाजा करकरतात, उन्हानं लाकूड तडकतं, मला ठाऊक आहे. सासूबाई म्हणाल्या, "ऐकं?" मी म्हटलं, "ऐकलं." आम्ही दोघींनीही आत जाऊन बघितलं नाही.

सुईचं काय करायचं हा प्रश्न होता. सासूबाई म्हणाल्या विहिरीत टाक. मी म्हटलं, नाही. ती पुसली, धुतली, त्यात नवा लाल दोरा ओवला आणि गोधडी पुढ्यात घेतली. तिची ओळ जिथे मधेच थांबली होती तिथूनच धरली. माझे टाके तिच्याइतके बारीक येत नव्हते. सासूबाई येऊन दुसऱ्या टोकाकडून बसल्या. त्यांची हरवलेली सुईही गोधडीच्या घडीतच सापडली होती. दोघी दोन बाजूंनी शिवत मधे आलो. संध्याकाळच्या एस.टी.नं हे आले तेव्हा माझा मोकळा गळा त्यांनी पाहिला, गोधडी पाहिली, आणि हातपाय धुवायला गेले. त्यांचे डोळे ओले होते. पोकळ झालेली पुतळी मी तिच्या उशीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दुपारच्या झोपेतून उठल्या त्या तोंडावर हात ठेवून. म्हणाल्या, "ती उनी व्हती." काय म्हणाली विचारलं तर मान हलवली. काही नाही म्हणाली. नुसती बसून गेली.

माझे दिवस भरले तेव्हा मला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. सबंध दिवस गेला तरी सुटका होईना. एका क्षणाला डॉक्टरीणबाई आणि नर्स एकमेकींकडे बघून गप्प झाल्या, आणि त्या गप्प होण्यात मला कळलं की बाळंतपणातली हीच ती वेळ, इथूनच पहिली गेली. दाराबाहेर सासूबाई मोठ्यानं तिच्याशी बोलत होत्या. माझ्याशी नाही, देवाशी नाही, तिच्याशी. "पोरी, हिले राहू दे. हिनं तुले मोकळी करी ना." माझ्या पायांशी पलंग किंचित दबला, रोज दुपारी बाज दबायची तसाच. मी पाय आखडले नाहीत. उलट टाच टेकवून जोर लावला, आणि तिथे टेकायला काहीतरी होतं. कदाचित नर्स असेल. मी कधी चौकशी केली नाही. मुलगी झाली.

घरी आलो तेव्हा सासूबाईंनी आतली बाज झाडून ठेवली होती. म्हणाल्या, "आते तू उगवतीले उशी ले. आते ती तुनी जागा शे." त्यांच्या दृष्टीनं हे फार मोठं देणं होतं, आणि ह्याच शब्दांसाठी मी दीड वर्ष त्या घरात धुमसत होते. मी बाळाला मधे गोधडीवर ठेवलं आणि माझी उशी मावळतीकडेच घेतली. पुढच्या आखाजीला चुलीत आगारी टाकताना सासूबाईंनी सासऱ्यांच्या आधी पहिलीची आठवण काढली.

त्याआधी, मुलगी तीन-चार महिन्यांची असताना एका दुपारी मी आत आले तर ती जागी होती. माझ्या उशीकडे तिची टाळू होती आणि नजर उगवतीकडे. तिथे कुणी नव्हतं. ती हात हलवून खुदकन हसली, थांबली, आणि कुणी काही म्हटल्यासारखी पुन्हा हसली. लेकरू असं हसलं की सटवाई खेळवते म्हणतात. सासूबाईही माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, पण सटवाईचं नाव घेतलं नाही. पुढे होऊन त्यांनी उगवतीकडची उशी उचलली, झटकली, आणि टेकायला बरी पडेल अशी नीट लावून ठेवली.